उंच नाकाचा चापडा

व्हायपरिडी सर्पकुलाच्या क्रोटॅलिनी उपकुलातील एक विषारी साप. याचे शास्त्रीय नाव हिपनेल हिपनेल असून मेर्रेम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. तो श्रीलंकेत आणि भारतात सह्याद्रीच्या गोव्यापासून दक्षिणेकडील भागात आढळतो. याच वंशाच्या इतर दोन जाती फक्त श्रीलंकेत आहेत. दमट जंगलांप्रमाणेच कॉफी व रबराच्या मळ्यांतही तो राहतो.

याची लांबी सु. ३०–४५ सेंमी. असते. रंग तपकिरी अथवा करडा असून पाठीवर गडद ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. त्यामुळे पाचोळ्यात पडलेला हा साप सहसा नजरेस येत नाही. डोके त्रिकोणी व मुस्कटाचे टोक वर वळलेले असते. डोळा व नाकपुडी यांच्यामधील उष्णतासंवेदी खळग्यामुळे त्याला अंधारातही उष्ण रक्ताच्या भक्ष्याचा वेध घेता येतो. मात्र बेडूक, सरडे व सापसुरळ्याही तो खातो. पिलांच्या शेपटीचे टोक फिकट असते. पिलू ते अळीसारखे वळवळवते व फसून जवळ आलेल्या प्राण्यास पकडते. मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते.

हा निशाचर साप माणसाच्या चाहुलीने पळून जात नाही. त्यामुळे मळ्यांत काम करणाऱ्यांना हातापायांवर दंश होतात. एके काळी त्याचे विष फारसे घातक मानले जात नसे, पण ते मत टिकलेले नाही. दंशाच्या जागी वेदना व सूज येते. काही रुग्णांत रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. केरळमधील अशा गंभीर दंशांचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या सापाला चुकीने फुरसे समजल्याचे आढळले.

ही चूक क्षुल्लक नव्हे. भारतात सर्वत्र वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर तयार केलेले असते. या सापाच्या दंशावर ते उपयोगी पडत नाही. उलट त्याची तीव्र प्रतिक्रिया मात्र येऊ शकते. म्हणून रक्तस्राव व मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवून लक्षणांनुसार उपचार करतात व गरज पडल्यास रक्ताचे अपोहन करतात.

फुरशाच्या डोक्यावर सर्वत्र बारीक खवले असतात व उष्णतासंवेदी खळगा नसतो. या सापात डोक्याच्या मागील भागावर मोठे खवले असतात. शिवाय शेपटीखालील खवले फुरशात एकेरी, तर यात दुहेरी असतात.