काम, टप्पा आणि मैलाचा दगड

मी शाळा फार शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांच्या सभांतून आणि मिळतील त्या पुस्तकांतून. सभेत एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘सर्वांनी मनावर घेतले की झाले!’ माझा अनुभव निराळा आहे. आम्ही एकदा कामगारांच्या घरांसाठी वर्गणी जमवली. उत्साह दांडगा होता. पण आधी जागा, आधी नकाशा की आधी परवानगी, हे कोणी ठरवलेच नाही. दोन वर्षांनी पैसे परत करावे लागले. सभासदांना पैसे मिळाले. आम्हांला त्यांचा विश्वास मात्र पुन्हा मिळाला नाही.

याउलट नगर तालुक्यातील हिवरे बाजार पाहा. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले आणि माणसे पोटासाठी बाहेर पडली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले आणि ग्रामसभेने 1995 ते 2000 अशी स्वतःची पंचवार्षिक योजना आखली.

तिच्यातून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली गोष्ट काम. ‘पाणी अडवा’ ही घोषणा झाली. ते काम नव्हे. ‘या उतारावर समपातळीत इतके फूट चर, अमक्या टोळीने, अमक्या दिवसापर्यंत खणायचा’ हे काम. ते मोजता येते आणि त्याचा जाब विचारता येतो.

दुसरी गोष्ट टप्पा. कशाआधी काय, याचा निर्णय म्हणजे टप्पा. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे जाते. डोंगरावर चर नसताना खाली बांध घातला, तर तो गाळाने भरतो. चराईबंदीआधी रोपे लावली, तर ती शेळ्यांच्या पोटात जातात.

पण शेळ्या कोणाच्या? बहुधा गरिबाच्याच! पुढे येणाऱ्या गवताच्या आशेवर त्याची आजची चूल कशी पेटणार? म्हणून चर खणण्याची कामे रोजगार हमीतून झाली, आणि वाढलेले गवत कापून नेण्याची मुभा राहिली, याला मी फार महत्त्व देतो. ज्या टप्प्यात त्याग मागायचा, त्याच टप्प्यात मजुरी हवी. नाहीतर गरिबाने योजना मोडली, तर दोष त्याचा नव्हे, आखणाऱ्याचा.

तिसरी गोष्ट मैलाचा दगड. ‘निधी खर्च झाला’ हा मैलाचा दगड नव्हे. पावसाळ्यापूर्वी चर पुरे झाले का, विहिरीचे पाणी किती हात वर आले, हे कोणालाही जाऊन पाहता येते. हिवरे बाजारात 2004 पासून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस आणि विहिरी मोजायच्या, पिण्याचे पाणी आधी राखायचे, मग कोणते पीक किती घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी विंधन विहीर नाही, ऊस नाही, केळी नाही. म्हणजे शेवटच्या दगडापाशीही हिशेब संपत नाही. दरवर्षी तो नव्याने मांडावा लागतो.

आपल्या वाचनालयाची इमारत असो वा आपली गृहनिर्माण संस्था, पुढच्या सभेत ठराव करण्याआधी एका कागदावर एवढेच लिहा : पहिले काम कोणते, ते कोण करणार, आणि ते झाले हे गैरहजर सभासदालाही कशावरून कळणार? मग खुशाल वर्गणी मागा.