संशय आणि निर्णय : वाढदिवसाच्या शोधखेळाचे तर्कशास्त्र

वाढदिवसाला जमलेल्या मुलांपुढे एखादे लहानसे रहस्य ठेवावयाचे, प्रत्येकाला एक भूमिका द्यावयाची आणि पुराव्यांवरून उत्तर शोधावयास लावावयाचे, ही पद्धत आपल्याकडे तशी नवी आहे. मात्र तिचे बीज मराठी मुलांना परके नाही. राजा, मंत्री, चोर, शिपाई हा चार चिठ्ठ्यांचा खेळ घरोघरी खेळला जातो. नावे, गुण आणि नियम गावोगावी थोडेफार बदलतात. गाभा एकच राहतो. घडी घातलेल्या चिठ्ठ्या उधळल्या जातात, राजा स्वतःला प्रकट करतो आणि मंत्र्याला चोर ओळखण्याची आज्ञा देतो. अंदाज चुकला की मंत्र्याचे गुण चोराच्या पदरात पडतात.

या खेळाची तार्किक बाजू दुबळी आहे. राजा व मंत्री उघड झाल्यावर दोघेच उरतात. म्हणजे डोळे मिटून बोट दाखविले तरी सरासरी दोनांपैकी एकदा उत्तर बरोबर येते. पुरावा म्हणून हाती असतो तो केवळ चेहरा. ज्याला हसू आवरत नाही तो पकडला जातो, आणि ज्याचा चेहरा मुळातच कावराबावरा तो निरपराध असूनही. खेळ रंगतो, परंतु मंत्र्याला आपल्या निर्णयाचे कारण सांगावे लागत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘क्लूडो’ हा पटावरील खेळ आहे. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी १९४४ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९४९ पासून तो बाजारात आला. सहा संशयित, सहा हत्यारे व नऊ खोल्या यांच्या ३२४ जुळण्यांपैकी एकच खरी असते आणि प्रत्येक प्रश्नोत्तरासरशी काही शक्यता गळून पडतात. येथे चेहऱ्याला महत्त्व नाही. पण माणूसही उरत नाही, उरतात ती पत्ते. वाढदिवसाचा शोधखेळ या दोहोंच्या मध्ये येतो. त्यात पत्त्यांऐवजी सोबती असतात आणि अंदाजाऐवजी कारण द्यावे लागते.

त्याची रचना एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कराडात, कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमाजवळच्या एका घरात वाढदिवस आहे, असे समजू. औक्षणाचे तबक पाच वाजता देवघरात मांडून ठेवले : निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सोन्याची अंगठी आणि सुपारी. सव्वापाचला पाहतात तो अंगठी जागच्या जागी आहे, सुपारी मात्र नाही. घरात त्या वेळी चौघे येऊन गेले : घाटावरचा नावाडी, तेथेच फुले विकणारी फुलवाली, गावातला छायाचित्रकार आणि आगाशिवची लेणी पाहून परतलेले गुरुजी. चार मुले या चार भूमिका घेतात. बाकीची शोध करतात.

पहिला पुरावा म्हणजे देवघराच्या उंबऱ्यावरची ओली वाळू. ती दिसताच शोधकांची बोटे नावाड्याकडे वळतील, असाच तिचा हेतू आहे. परंतु वाळू फुलवालीच्याही पायांना आहे. शिवाय ती उंबऱ्यापाशीच थांबली आहे. तबकापर्यंतची फरशी कोरडी व स्वच्छ आहे. म्हणजे वाळूच्या पायांनी जे आले ते उंबऱ्यावरूनच परतले : नावाडी पाण्याची कळशी ठेवून, फुलवाली हार ठेवून. ज्या खुणेने दोघांवर आळ आणला तीच खूण पुरती वाचली असता दोघांना मोकळे करते.

दुसरा पुरावा छायाचित्रांचा. अंगणात घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात मागच्या भिंतीवरचे घड्याळ दिसते आणि पाच ते सव्वापाच या वेळात कोठेही मिनिटापेक्षा अधिक खंड नाही. छायाचित्रकार स्वतः एकाही चित्रात नाही. तथापि ती चित्रे निघाली, यावरूनच तो अंगणात होता हे सिद्ध होते. आता गुरुजी उरले. त्यांचे पुस्तक उघडले असता पानावर कुंकवाचा पुसट गोल ठसा सापडतो. वाऱ्याने पाने उलटू नयेत म्हणून त्यांनी सुपारी पुस्तकावर ठेवली आणि नंतर ती विसरून खिशात टाकली. चोरी झालेलीच नव्हती.

भारतीय तर्कपरंपरेच्या परिभाषेत या खेळाचे वर्णन नेमके करता येते. ‘वाळूचे पाय, म्हणून चोर’ या अनुमानातील हेतू सव्यभिचार आहे : जेथे साध्य नाही तेथेही तो आढळतो. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या पाच हेत्वाभासांत सव्यभिचार पहिला आहे. उलट, गुरुजींपर्यंत नेणारी वाट ही ‘शेषवत्’ अनुमानाची आहे. वात्स्यायनाने शेषवत् याचा एक अर्थ परिशेष असा केला असून शब्द हा द्रव्य नव्हे, कर्म नव्हे, म्हणून गुण होय, हे त्याचे उदाहरण दिले आहे. संभाव्य पक्ष एकेक करून निषिद्ध ठरले की जो उरतो तो स्वीकारावयाचा.

परिशेषाला मात्र एक अट आहे. संभाव्य पक्षांची यादी पूर्ण असली पाहिजे. खेळ मांडणाऱ्याने ‘चौघांखेरीज कोणीही आले नाही’ हे आरंभीच सांगितले, म्हणून तो येथे चालतो. व्यवहारात अशी हमी कोणी देत नाही. यासाठी कुंकवाचा ठसा आवश्यक आहे. निषेधाने जे उरले त्याला स्वतंत्र विधायक पुरावा मिळाला, तरच निर्णय पक्का. हा शेवटचा टप्पा गाळणारा शोधखेळ मुलांना अर्धेच तर्कशास्त्र शिकवितो.

वयाचाही विचार केला पाहिजे. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे मूल साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी ओळखू लागते, असे विमर व पेर्नर यांच्या १९८३ मधील प्रयोगांपासून मानले जाते. ‘त्याला काय वाटते असे हिला वाटते’ ही दुहेरी पातळी सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास साधू लागते, असे त्यांनीच १९८५ मध्ये दाखविले. म्हणून सात वर्षांखालील मुलांना चिठ्ठ्यांचा खेळच अधिक मानवतो. व्यगोत्स्कीने १९३३ च्या व्याख्यानात म्हटल्याप्रमाणे प्रत्येक कल्पित प्रसंगात नियम दडलेला असतो आणि मूल तो आपखुशीने पाळते. शोधखेळात तो नियम असा : कारण सांगितल्यावाचून कोणाचे नाव घ्यावयाचे नाही.

या नियमाचे मोल खेळापुरते नाही. ‘चोर’ हा शब्द आपल्या समाजात नेहमीच पुराव्यामागून आलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयितांची यादी गुन्हा घडण्यापूर्वीच तयार केली. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक शाळांत ठेवण्याची तरतूद त्या कायद्यात होती. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी आळ लगेच जात नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाच्या वाचकांस सांगावयास नको. येथे हेत्वाभास तोच आहे, वाळूचा; फरक इतकाच की तो पायांना नव्हे, जन्माला चिकटविलेला होता.

या दृष्टीने शोधखेळ मांडणाऱ्याची जबाबदारी लहान नाही. वरील खेळात नावाडीच दोषी ठरविला असता, तर कोडे तितकेच सुटसुटीत झाले असते; पण अनवाणी पायांनी आलेल्यावरचा पहिला संशय खरा ठरला, एवढेच मुलांच्या मनावर ठसले असते. भूमिका वाटताना कोणत्या मुलाला कोणती चिठ्ठी येते, कोणाला वरचेवर ‘चोर’ व्हावे लागते, याकडेही लक्ष हवे. त्या बाबतीत जुन्या खेळातली उधळलेली चिठ्ठी अधिक न्यायी होती आणि नव्या खेळाने तिचा तेवढा गुण अवश्य उचलावा.

खेळ संपल्यावर सुपारी तबकात परत येते व औक्षण होते. तत्पूर्वी एक गोष्ट राहू नये : ज्यांनी नावाड्याकडे बोट दाखविले होते, त्यांनी आपला हेतू कोठे चुकला ते त्याच्या समोर सांगावयाचे. चिठ्ठ्यांच्या खेळात चुकलेल्या मंत्र्याचे गुण जातात. येथे गुण जात नाहीत. घेतलेला आळ तेवढा मागे घ्यावा लागतो.