कुऱ्हाडीला बंदी, विळ्याला मुभा

हिवरे बाजार गावाचं नाव निघालं की कुणीतरी ठासून सांगतंच, ‘‘तिथं रानाला कुणी हात लावत नाही, म्हणून जंगल उभं राहिलं.’’ सभा-संमेलनांतही हेच ऐकू येतं. हे चुकीचं आहे, आणि घातकही. कारण ते ऐकून दुसरं गाव डोंगराला नुसतं कुलूप घालायला निघतं.

1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरं-शेळ्या डोंगरावरून खाली आल्या, कोवळे शेंडे वाचले. माणसांना मात्र डोंगर बंद झाला नाही. ग्रामपंचायतीत नाममात्र रक्कम भरायची, विळा घेऊन जायचं, गवत कापून घरी आणायचं. ‘डाउन टू अर्थ’ या नियतकालिकानं छापलेले आकडे पाहावेत : 2000 साली गवत 100 टन, 2004 साली 6,000 टन. त्यात पाणलोटाच्या कामांचा वाटा मोठाच. पण ज्या रानाला कुणी हातच लावत नाही, तिथून सहा हजार टन चारा कसा येईल?

फरक आहे तो घेण्याच्या पद्धतीत. मोकाट जनावर पावसाळ्यातली ओली माती खुरांनी दाबतं, रोपं तुडवतं, गवत बी धरण्याआधीच ओरबाडतं. विळा बी झडल्यावर चालवता येतो आणि गवताचा बुडखा शाबूत राहतो.

युरोपात काही जंगलांतून आजही घोड्यांनी ओंडके ओढतात, तेही याच हिशेबानं. निवडक झाडं तोडायची, घोड्यानं ती अरुंद वाटेनं रस्त्यापर्यंत आणायची, पुढची लांब वाहतूक यंत्रानं करायची. ‘घोडा हलका, त्याच्यानं माती दबत नाही’ हे मात्र खरं नाही. खुराखालचा दाब चांगलाच असतो. पण यंत्रासाठी झाडं पाडून रुंद वाट काढावी लागत नाही, चाकांची सलग खोल चाकोरीही पडत नाही.

‘असलं काही आपल्याकडे नव्हतंच’? गडचिरोलीतल्या कमलापूरचे हत्ती पूर्वी सागाचे ओंडके ओढत.

‘तोडलं की झाड मेलंच’? सागाच्या खुंटाला फुटवे येतात.

म्हणून चराईबंदीचा ठराव मांडणाऱ्या गावांना एक विनंती : चारा कोणी, कधी आणि किती कापायचा, तेही त्याच ग्रामसभेत ठरवा. ज्याच्याकडे जमीन नाही आणि दावणीला दोन शेळ्या आहेत, त्याचं नाव चारा कापणाऱ्यांच्या यादीत सर्वात आधी लिहा.