दार्जिलिंगचा सॅलॅमँडर आणि आपला तलाव

पाल म्हणावी तर अंगावर खवले नाहीत, बेडूक म्हणावा तर लांब शेपूट आहे! दार्जिलिंगच्या डोंगरांतील तळ्यांमध्ये आढळणारा हा प्राणी म्हणजे हिमालयीन सॅलॅमँडर. तिथले नेपाळीभाषक त्याला ‘सुनगोहोरो’ म्हणतात. वीतभरही लांबी नाही, रंग गडद तपकिरी आणि दोन्ही कुशींवर गाठींची रांग. शत्रूने तोंड घातलेच तर या गाठींतून विषारी द्रव पाझरतो. स्वभावाने मात्र गरीब. किडे, अळ्या, गांडुळे खाऊन जगणारा.

सॅलॅमँडर हे बेडकाचेच भाऊबंद. जगात त्यांच्या सातशेहून अधिक जाती आहेत, पण बहुतेक थंड, ओलसर प्रदेशांत. भारतात ते फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येत सापडतात. आपल्या कोरड्या दख्खनेत एकही नाही.

पाऊस जवळ आला की सुनगोहोरो तळ्यात उतरतो. मादी पाणवनस्पतींवर अंडी घालते. पिल्लांना सुरुवातीला पिसांसारखे कल्ले असतात. ते गळाले की पिल्ले जमिनीवर येतात. हिवाळ्यात हे प्राणी दगडांखाली, कुजक्या ओंडक्यांखाली दडून बसतात. म्हणजे त्यांना तळे हवे आणि तळ्याभोवतीचे ओले रानही हवे. काठ सिमेंटने बांधला की वाट अडते. शोभेसाठी सोडलेले मासे अंडी-पिल्ले फस्त करतात. मळ्यांतील औषधफवारणी पाण्यात उतरते. पाणी दिसत राहते, पण घर मोडलेले असते.

दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरी येथे 1985 साली याच प्राण्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? अवघे चार हेक्टर, म्हणजे सुमारे दहा एकर. जीव वाचवायला नेहमी मोठे जंगलच लागते असे नाही.

तिथे औषधासाठीही हा प्राणी मारला जात आला आहे. इथे एक हदीस आठवते. एका वैद्याने औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली. ‘अबू दाऊद’मध्ये ही नोंद आहे. जमिनीवर चालणारे प्राणी आणि आकाशात उडणारे पक्षी हे माणसांसारखेच समुदाय आहेत, असे कुरआन सूरह अनआममध्ये सांगते.

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) सॅलॅमँडर नसला तरी बेडूक आहेत, आणि दिल्ली गेटजवळचा जुना खिजरी तलावही आहे. आज तो सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. मुंबईत 1896 साली जन्मलेल्या या पक्षितज्ज्ञाने आयुष्य पाखरांच्या अभ्यासात घालवले. त्यांच्या नावाचे पाणी जिवंत ठेवणे ही आपल्याकडची अमानत आहे.

आपण घरापासून सुरुवात करू शकतो. काचेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. फिरायला गेल्यावर प्लास्टिक पिशव्या काठावर टाकू नयेत. पहिल्या पावसात अंगणात बेडूक आला तर मुलांना दगड उचलू देऊ नये. डास आणि किडे खाणारा तो पाहुणा आहे. मुलांना जवळ बसवून तो दाखवावा आणि त्याच्या वाटेने जाऊ द्यावा.