'हॅपी पिल'? छे, बॉस!

डोकं दुखलं की गोळी, अॅसिडिटी झाली की गोळी. आपल्या बॅगेत एक-दोन स्ट्रिप्स कायम असतातच. पण डॉक्टरांनी अँटिडिप्रेसंट लिहून दिलं की ती स्ट्रिप थेट ड्रॉवरच्या तळाशी! 'कुणी बघितलं तर?' हा पहिला प्रश्न आणि 'सवय लागली तर?' हा दुसरा.

शोध लागला योगायोगानं

१९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंट्सना इप्रोनियाझिड दिलं गेलं, आणि त्यांचा मूडच खुलला. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जगासमोर आणला. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्झेटिन, म्हणजेच प्रोझॅकला परवानगी मिळाली. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन ही त्याच एसएसआरआय कुटुंबातली भावंडं.

घाई नको

ही गोळी घेतली की लगेच हसू फुटतं, असं काही नसतं. सेरोटोनिनवर तिचं काम काही तासांतच सुरू होतं, पण मूड सुधारायला दोन ते सहा आठवडे लागतात. गंमत म्हणजे साइड इफेक्ट्स आधी हजर होतात: मळमळ, डोकेदुखी, झोपेचं खोबरं, कधी वाढलेली अस्वस्थता. यातले बरेच आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. सेक्सची इच्छा कमी होणं मात्र टिकू शकतं. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

मग उपयोग होतो का? २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा आला. त्यातली २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण फरक बहुतेकदा बेताचाच. म्हणून सौम्य डिप्रेशनमध्ये आधी समुपदेशन, आणि आजार गंभीर असेल तर गोळी आणि थेरपी, दोन्ही.

'आता मी ओके आहे'

खरा घोळ इथे होतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, प्रोजेक्ट मार्गी लागतो आणि गोळी परस्पर बंद! बरं वाटल्यावरही साधारण किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता वाढते. शिवाय अचानक थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. हे व्यसन नव्हे. दारू-सिगारेटसारखी तलफ इथे येत नाही. पण शरीराला सवय झालेली असते, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांना विचारूनच.

हे विसरू नका

* वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरच्यांना सांगून ठेवा आणि तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना गाठा.
* मित्राची गोळी आपली नव्हे. ही औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय घ्यायची नाहीत.
* आधीपासून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिकसुद्धा.
* बोलायला कुणी नाही? सरकारची मोफत 'टेली मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६.