उल्का : शब्द आणि अर्थ

रात्रीच्या आकाशात क्षणभर चमकून विझणाऱ्या प्रकाशरेषेला मराठीत दोन प्रकारे ओळखतात. बोलताना ‘तारा तुटला’ म्हणतात. पुस्तकात ‘उल्का’ येते. पहिल्या शब्दप्रयोगात तारा आहे, दुसऱ्यात आग.

‘उल्का’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. आकाशातून पडणाऱ्या आगीसाठी तो तिथे येतो, तसाच अग्नीने चहूकडे उधळलेल्या ज्वाळांसाठीही. संस्कृत व्याकरणपरंपरा त्याची व्युत्पत्ती ‘उष्’, म्हणजे जाळणे, या धातूपासून सांगते. ‘उष्ण’ हा शब्दही त्याच धातूचा. त्यामुळे जळते लाकूड, कोलीत, मशाल हेही उल्केचे अर्थ झाले. तोंडातून आग ओकणाऱ्या पिशाचाला ‘उल्कामुख’ म्हणत. मशालीचा अर्थ दिवाळीच्या एका जुन्या विधीत स्वच्छ दिसतो. सूर्य तूळ राशीत असताना चतुर्दशीला आणि अमावास्येला तिन्हीसांजेच्या वेळी हातात उल्का घेऊन पितरांना वाट दाखवावी, असे धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. ही उल्का आकाशातली नव्हे, माणसाच्या हातातली.

आकाशातल्या उल्केचा तपशीलवार विचार सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केला. स्वर्गातले पुण्यफळ भोगून झालेले जीव खाली पडतात, त्यांची रूपे म्हणजे उल्का, असे तो सांगतो. त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार तो करतो. ‘उल्का’ हे नाव सगळ्यांचे आणि त्यातल्या एका प्रकाराचेही. ‘तारा’ कमळाच्या तंतूसारखी बारीक, पांढरी किंवा तांबूस. ‘उल्का’ डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळती. पडता पडता वाढत जाणारी. ‘अशनि’ मात्र चाकासारखी गरगरत, मोठा आवाज करीत माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळते आणि जमीन फोडते. प्रत्येकीचे फळ किती दिवसांत मिळते, हेही त्याने दिले आहे : उल्केचे पंधरवड्यात, अशनीचे तीन पंधरवड्यांत. म्हणजे निरीक्षण आणि शकुन यांची इथे सरमिसळ आहे.

या शकुनाच्या भीतीचा माग मराठीत उरला आहे. ‘उल्कापात’ म्हणजे उल्का पडणे; पण ‘त्याने नुसता उल्कापात मांडला आहे’ असे म्हटले की त्याचा अर्थ अनर्थ किंवा धुमाकूळ असा होतो.

प्रत्यक्षात तुटतो तो तारा नव्हेच. अवकाशातले बारीक कण आणि खडे सेकंदाला सुमारे ११ ते ७२ किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतात. त्यांच्यापुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, कण जळून वितळतात आणि साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर प्रकाशरेषा उमटते. बहुतेक कण वाळूच्या दाण्याएवढे असतात. पृथ्वी धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून जाते तेव्हा एका रात्रीत पुष्कळ उल्का दिसतात. त्याला उल्कावर्षाव म्हणतात. ऑगस्टच्या १२-१३ तारखांच्या सुमारास दिसणारा ययाती तारकासमूहाचा वर्षाव स्विफ्ट–टटल धूमकेतूच्या धुळीमुळे होतो. डिसेंबरच्या मध्यावरचा मिथुन राशीचा वर्षाव मात्र फेथन या लघुग्रहाशी निगडित आहे.

मराठी विज्ञानलेखनाने जुन्या शब्दांना नवे, नेमके अर्थ दिले. आकाशातच जळून जाते ती उल्का. पूर्ण न जळता जमिनीवर पोचतो तो दगड किंवा लोखंडाचा गोळा म्हणजे अशनी. जमीन फोडणाऱ्या जुन्या ‘अशनि’ला हा अर्थ चपखल बसला. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर अशाच आघाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या विवरात आहे. त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.