गाडी तुमची नाही, पण आरसीवर नाव तुमचं? मग काय करायचं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच, थोडं आवरून.)

आजचा विषय ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याच्यावर येतो त्याची झोप उडते. समजा, तुम्ही सांगलीहून नोकरीसाठी पुण्यात आलात. फ्लॅटसाठी एजंटला आधारची झेरॉक्स दिली, सिमकार्डसाठी दिली, हप्त्यावर मोबाइल घेताना पॅनचा फोटो व्हॉट्सॲप केला. दोन वर्षांनी घरच्या पत्त्यावर चलन येतं: सिग्नल तोडला, दंड भरा. गाडी कुठली? जी तुम्ही आयुष्यात कधी पाहिली नाही. आणि मालकाच्या रकान्यात नाव तुमचं.

आता पहिली प्रतिक्रिया काय असते? "पाचशे रुपयेच आहेत ना, भरून टाक आणि विषय संपव." थांबा. विषय तिथे संपत नाही, उलट तिथून सुरू होतो. का, ते आधी समजून घेऊ.

नावाला एवढं वजन का?

देशभरातल्या गाड्यांच्या नोंदी 'वाहन' नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये असतात. पोलीस, टोल, विमा कंपनी, कोर्ट, सगळे तिथेच बघतात. आमच्या भाषेत सांगायचं तर तो 'सोर्स ऑफ ट्रुथ' आहे. तिथे तुमचं नाव असेल तर सिस्टिमसाठी मालक तुम्ही. गाडी कोण चालवतं, पेट्रोल कोण भरतं, हे तिला माहीत नसतं.

कायदाही इथूनच सुरुवात करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो, अशी व्याख्या आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. त्यात मूळ मालकाने २००७ मध्येच गाडी विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण नोंदणीवरचं नाव कुणी बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती कागदावरच्या मालकावर.

आता ती केस विकलेल्या गाडीची होती, फसवणुकीची नव्हती, हा फरक लक्षात ठेवा. ज्याने कधी सहीच केली नाही, त्याची बाजू वेगळी आणि जास्त भक्कम असते. पण ती मांडावी तुम्हालाच लागते. तुम्ही गप्प बसलात तर डेटाबेस तुमच्या वतीने बोलत राहतो.

आधी चलन खरं आहे का ते बघा

हे सगळ्यात आधी. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली असेल, तर ती उघडू नका. चलनाच्या नावाने मोबाइलमध्ये घुसून बँक खातं साफ करायचा हा धंदा जोरात आहे. सरकारी चलन कधीच ॲपची फाइल म्हणून येत नाही. मेसेजमधल्या लिंकवरही जाऊ नका. स्वतः ब्राउझरमध्ये परिवहनची किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलनाची साइट उघडा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, हे बघा आणि तिथे गाडीचा नंबर टाका.

चलन खरं निघालं, तर पुढचा प्रश्न: नेमका प्रकार कोणता? कारण तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे रस्ते वेगळे.

पहिला प्रकार: गाडी तुमचीच आहे, पण तुमच्या नंबरची बनावट पाटी लावून दुसरीच गाडी फिरतेय. किंवा कॅमेऱ्याने एखादा आकडा चुकीचा वाचलाय. चलनासोबतचा फोटो नीट बघा. रंग, मॉडेल, आरशाला लटकवलेलं काहीतरी. तुमच्या गाडीशी जुळत नसेल तर ई-चलनाच्या साइटवर तक्रार नोंदवा, दोन्ही गाड्यांचे फोटो जोडा. पाटी बनावट वाटत असेल तर पोलिसांतही लेखी द्या.

दुसरा प्रकार: तुम्ही विकलेली गाडी, जी अजून तुमच्याच नावावर आहे. ही फसवणूक असेलच असं नाही, बऱ्याचदा आळस असतो. याच्यावर शेवटी बोलू.

तिसरा प्रकार: तुम्ही कधीच न घेतलेली गाडी. आजचा मुख्य विषय हाच.

पहिल्या दिवशी काय करायचं

पुरावे गोळा करा. परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरीच माहिती दिसते: मॉडेल, नोंदणीची तारीख, कोणतं आरटीओ, विम्याची मुदत, आणि कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं नाव. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. चलनाचे फोटो डाउनलोड करून ठेवा.

आणि दोन गोष्टी करू नका.

एक, दंड भरू नका. दंड भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून मिटवणं. उद्या तुम्ही म्हणालात की गाडी माझी नाही, तर समोरचा विचारणारच, मग दंड का भरला? पण चलनाकडे दुर्लक्षही करू नका. न भरलेलं चलन कोर्टाकडे जाऊ शकतं, त्यामुळे तिथेही लेखी हरकत नोंदवायची.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. आरटीओबाहेर कुणीतरी सांगेल, "कशाला पोलीस-बिलीस करता? फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, गाडी दुसऱ्याच्या नावावर करून देतो." हे अजिबात करू नका. ते फॉर्म मालक भरतो. त्यावर सही केली की तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलं की गाडी माझी होती. वर ती गाडी कुठल्या गुन्ह्यात अडकलेली असेल, तर पुरावा पुढे सरकवणाऱ्यांत तुमचं नाव येईल. तुम्हाला गाडी 'ट्रान्सफर' करायची नाहीये. तुम्हाला नोंदणीच खोटी ठरवायची आहे.

पोलीस ठाण्यात

लेखी तक्रार द्या. त्यात साध्या भाषेत लिहा: ही गाडी मी घेतलेली नाही, कुठल्याही कागदावर सही केलेली नाही, माझी कागदपत्रं वापरून कुणीतरी नोंदणी केली आहे. माझं आधार, पॅन कुठे कुठे दिलं होतं ते असं असं. गाडी शोधून जप्त करावी.

नोंदणी १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लागते. फसवणूक कलम ३१८, तोतयेगिरी करून फसवणूक कलम ३१९, बनावट दस्तऐवज कलम ३३६, आणि तो खरा म्हणून वापरणं कलम ३४०. त्याआधीची असेल तर जुनं आयपीसी. डिजिटल ओळख चोरली असेल तर आयटी कायद्याचं ६६सी. कलमं लावणं पोलिसांचं काम आहे, पण तुम्हाला नावं माहीत असली की टेबलापलीकडचा माणूस जरा सरळ बसतो.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकायला मिळेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवूनच घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तुमच्या नावावर ऑनलाइन पैशांचा व्यवहारही झाला असेल, तर १९३० नंबरवर आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा.

आरटीओमध्ये: खरी लढाई इथे आहे

एफआयआरने नाव आपोआप निघत नाही. ते काढणार आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५५(५) लक्षात ठेवा. खोट्या कागदपत्रांवर किंवा खोट्या माहितीवर नोंदणी मिळवल्याची खात्री पटली, तर नोंदणी अधिकारी बाजू ऐकून घेऊन ती रद्द करू शकतो. तुमचा अर्ज याच कलमाखाली हवा.

अर्जात तीन मागण्या करा.

पहिली, कलम ५५(५) खाली नोंदणी रद्द करावी.

दुसरी, निर्णय होईपर्यंत 'वाहन'मध्ये या गाडीवर रोख लावावी, म्हणजे ती पुढे कुणाच्या नावावर होणार नाही.

तिसरी, नोंदणीच्या फाइलच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.

ही तिसरी मागणी सोडू नका, कारण फाइल म्हणजे या गुन्ह्याची लॉग फाइल. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, त्यावर सही कुणाची? फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, डीलर कोण? पत्त्याचा पुरावा कुठला जोडलाय, फोटो कुणाचा आहे, मोबाइल नंबर कोणाचा दिलाय? विमा कुठून काढला? गाडी हवेतून येत नाही. कुठल्यातरी शोरूममधून चावी कुणाच्यातरी हातात दिलेली असते. प्रती मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर द्यायची मुदत ३० दिवस आहे. मिळालेल्या प्रती तपास अधिकाऱ्यालाही द्या.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट. "साहेबांना सांगितलंय" ही पोच नाही, हं.

कर्ज आणि विमा

आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव दिसलं, तर अर्थ सरळ आहे: तुमच्या नावावर कर्जही आहे. कदाचित गाडी हे निमित्तच असेल. क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अनोळखी कर्ज दिसलं की तिथेच 'डिस्प्यूट' टाका. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही एफआयआर जोडून लिहा आणि कर्जाच्या अर्जाची, केवायसीची प्रत मागा. दुरुस्ती ३० दिवसांत व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टाळाटाळ केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.

वसुलीवाल्यांचे फोन येतील. घाबरून "एखादा हप्ता भरतो" म्हणू नका. कारण तेच, दंडाचं जे झालं ते.

विमा कंपनीलाही एक पत्र टाका. आणि अपघाताच्या दाव्याची नोटीस किंवा समन्स आलं तर मात्र कोर्टात हजर राहायचंच. "गाडी माझी नाही, मी कशाला जाऊ?" म्हणून घरी बसलात, तर तुमच्याशिवाय निकाल लागू शकतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर काही गटांनाही मिळतो. हेल्पलाइन १५१००.

हे होऊ नये म्हणून

अडचण ही आहे की परिवहनवर गाडी शोधता येते ती नंबरवरून, तुमच्या नावावरून नाही. त्यामुळे आडवळणाने लक्ष ठेवावं लागतं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट बघा. इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस बघा. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस कापून तुमच्या पॅनवर दाखवतो, त्यामुळे न घेतलेली महागडी गाडी तिथे डोकं वर काढू शकते. संचार साथीवर तुमच्या नावावरची सिमकार्डं तपासा, कारण ओटीपी त्यांच्यावरच जातात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. जिथे चालेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. आणि झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख, सही. अक्षरं फोटोवरून आणि नंबरवरून जाऊ द्या.

आणि तो दुसरा प्रकार, विकलेली गाडी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस. गाडी मित्राला दिली असेल, काकांच्या ओळखीत दिली असेल, तरी साइटवर नंबर टाकून नाव बदललंय का ते स्वतः बघा. नाव बदलेपर्यंत गाडी विकली असं समजू नका.

आज एवढं करा: घरात ज्यांच्या ज्यांच्या नावावर कधी गाडी होती, आई, बाबा, आजोबा, त्या जुन्या नंबरांची यादी काढा आणि एकेक तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. घरात बहुतेकांना हे ॲप कसं वापरायचं ते माहीत नसतं, तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हेल्मेट घाला आणि झेरॉक्सवर तारीख टाका!